फुफ्फुसांचा संसर्ग: कारणे आणि लक्षणे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणाला खोकला सुरू झाला की सगळे थर्मामीटर शोधू लागतात आणि कफाचा रंग विचारू लागतात. माणूस श्वास कसा घेतोय, हे मात्र क्वचितच कोणी थांबून बघते. आजार गळ्याशी अडलाय की छातीत उतरलाय, याचा सर्वांत आधी सुगावा तिथेच लागतो. खालच्या उत्तरांत मी श्वासाकडे पुन्हा पुन्हा येणार आहे. हे पान वाचून निदान करता येत नाही. डॉक्टरांकडे आज जायचे की उद्या, एवढे ठरवायला मात्र ते उपयोगी पडावे.

फुफ्फुसांचा संसर्ग म्हणजे नेमके काय? ब्रॉन्कायटिस आणि न्यूमोनिया एकच का?

एकच नाहीत. फुफ्फुस म्हणजे उलटे धरलेले झाड समजा. मुख्य श्वासनलिका हे खोड. तिला दोन फांद्या, त्यांना उपफांद्या, असे साधारण २३ वेळा फाटे फुटत जातात आणि शेवटी पानांच्या जागी वायुकोश येतात. हे वायुकोश कोट्यवधी असतात आणि रक्तात प्राणवायू मिसळण्याचे काम तिथेच होते.

जंतूंनी फांद्यांना, म्हणजे श्वासनलिकांच्या अस्तराला, सूज आणली तर तो ब्रॉन्कायटिस. अगदी बारीक फांद्या सुजल्या तर ब्रॉन्किओलायटिस. हा प्रामुख्याने दोन वर्षांखालील बाळांचा आजार आहे. आणि वायुकोशातच पाण्यासारखा स्राव, पांढऱ्या पेशी, पू साचला तर न्यूमोनिया. जिथे हवा असायला हवी तिथे द्रव भरतो, म्हणून धाप लागते आणि प्राणवायू कमी पडतो. नुसत्या ब्रॉन्कायटिसमध्ये खोकून खोकून बरगड्या दुखतील, पण धडधाकट माणसाचा प्राणवायू सहसा उतरत नाही.

जंतू तर रोजच श्वासाबरोबर आत जातात. मग आपण रोज आजारी का पडत नाही?

कारण दिवसाला साधारण १०,००० लिटर हवा गाळून घेण्याची व्यवस्था शरीरात आहे. नाकातले केस आणि ओलावा मोठे कण अडवतात. पुढे श्वासनलिकांच्या आत चिकट स्रावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म रोमके. ही रोमके सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि अडकलेली धूळ, जंतू सगळे हळूहळू वर, घशाकडे ढकलतात. आपण ते नकळत गिळून टाकतो. त्यातूनही जे वायुकोशापर्यंत पोहोचते त्याला गस्तीवरच्या पेशी खाऊन टाकतात. खोकला हा या सगळ्या व्यवस्थेचा धक्कामारू सेवक आहे, म्हणून तो सरसकट दाबून टाकणे शहाणपणाचे नाही.

ही साखळी कुठे तुटली की संसर्ग होतो. धूम्रपानाने रोमके लुळी पडतात. फ्लूचा विषाणू अस्तरच सोलून काढतो. फिट येणे, अर्धांगवायू किंवा अति मद्यपान यांमुळे गिळण्याचे आणि ठसक्याचे भान सुटते आणि तोंडातले जंतू अन्नासह खाली उतरतात. मधुमेह, एचआयव्ही, केमोथेरपी, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांमुळे गस्त ढिली पडते. चुलीच्या धुरात रोज तासन्तास बसणाऱ्या माणसाच्या छातीचे हाल सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा फार वेगळे नसतात, हे मात्र कोणी मोजत नाही.

कोणकोणते जंतू कारणीभूत असतात?

विषाणू, जिवाणू आणि बुरशी असे तीन मोठे गट. क्वचित परजीवीही.

विषाणूंमध्ये फ्लू, करोना, आरएसव्ही (विशेषतः लहान बाळांच्या छातीत उतरणारा एक विषाणू) आणि साध्या सर्दीचे अनेक विषाणू येतात. ब्रॉन्कायटिस बहुतेक वेळा विषाणूंमुळेच होतो. लहान मुलांच्या न्यूमोनियातही विषाणूंचा वाटा मोठा असतो.

जिवाणूंमध्ये पहिला मान न्यूमोकॉकसचा. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो एकमेकांच्या नकळत शोधला. आजही न्यूमोनियाच्या जिवाणूजन्य कारणांत तो सर्वांत नेहमीचा आहे. गंमत म्हणजे पुष्कळ निरोगी मुलांच्या नाका-घशात तो निवांत राहत असतो. खाली उतरायची संधी मिळेपर्यंत काही करत नाही. याच्याशिवाय हिमोफिलस, स्टॅफिलोकॉकस आणि काही वेगळ्या वळणाचे जिवाणू असतात. मायकोप्लाझ्मा हा त्यांतला एक. त्याला पेशीभित्तिकाच नसते. पेनिसिलिनसारखी औषधे नेमकी त्या भिंतीवरच घाव घालतात, त्यामुळे ती इथे निकामी ठरतात. ‘दोन अँटिबायोटिक झाली तरी खोकला हटत नाही’ अशा तरुण रुग्णांत कधी कधी हा सापडतो.

लेजिओनेलाची गोष्ट तर एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिथून परतलेल्यांना एकामागून एक न्यूमोनिया होऊ लागला, अनेक दगावले आणि जंतू काही सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये तो हाती लागला. हा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर, शॉवर, कारंजी यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर छातीत जातो. माणसाकडून माणसाला मात्र तो सहसा लागत नाही. खोकल्याबरोबर जुलाब आणि भ्रम दिसला तर डॉक्टरांना याची आठवण होते.

बुरशीचा संसर्ग धडधाकट माणसाला क्वचित होतो. वटवाघळांची किंवा पक्ष्यांची विष्ठा साचलेल्या गुहेत, जुन्या इमारतीत वावरल्यानंतर आजार झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यांना ते आपणहून सुचणे कठीण आहे.

पावसात भिजल्याने किंवा थंड पाणी प्यायल्याने न्यूमोनिया होतो का?

नाही. जंतूशिवाय संसर्ग नाही. थंडीच्या दिवसांत हे आजार वाढतात हे खरे, पण त्याला दारे-खिडक्या बंद करून दाटीने बसणे, कोरडी हवा आणि त्या हवेत जास्त टिकणारे विषाणू कारणीभूत असतात. भिजलेल्याला कोरडे कपडे द्यावेत, ओरडू नये.

साधा सर्दी-खोकला आणि छातीत उतरलेला संसर्ग यांतला फरक कसा ओळखायचा?

सर्दीचा मुक्काम मानेच्या वर असतो: नाक गळणे, शिंका, घसा खवखवणे, डोके जड. दोन-तीन दिवस वाईट जातात आणि मग उतार पडतो.

छातीत संसर्ग उतरला की चित्र बदलते. थंडी वाजून, दात कडकडून ताप येतो. खोकला खोलवरून येतो आणि त्याबरोबर कफ. न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियात तो कधी कधी गंजाच्या रंगाचा असतो. दीर्घ श्वास घेताना छातीत एका जागी सुई टोचल्यासारखे दुखते. भूक मरते, अंगात त्राण राहत नाही. आणि धाप लागते. ती कशी लागते हे नीट बघा. काल जो माणूस जिना चढून वर आला होता, त्याला आज बाथरूमपर्यंत जाऊन आल्यावर पलंगाच्या कडेला बसून राहावे लागते. फोनवर बोलताना वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो. ‘अशक्तपणा आहे’ असे तो म्हणेल. तो अशक्तपणा नसतो.

एकट्या लक्षणापेक्षा दिशा महत्त्वाची. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस पहिल्या दिवसापेक्षा बरा आहे की खालावलाय? खालावत असेल तर अंगावर काढू नये.

फ्लू उतरला, दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा ताप चढला. हे काय?

याला डॉक्टर फार गांभीर्याने घेतात, तुम्हीही घ्या. विषाणूने श्वासनलिकांचे अस्तर ओरबाडलेले असते. त्या उघड्या जखमेवर जिवाणू बसतात आणि दुसरा, अधिक घातक न्यूमोनिया सुरू होतो. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीत गेलेल्या बहुसंख्य लोकांचा घास अशा मागाहून आलेल्या जिवाणूंनीच घेतला. ‘पहिल्याच तापाचा उरलेला भाग असेल’ म्हणून पॅरासिटामॉल घेत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागणारच ना?

नाही, आणि हा गैरसमज फार हट्टी आहे. संसर्गाशी लढायला येणाऱ्या पांढऱ्या पेशींत हिरवट रंगाचे एक विकर (एन्झाइम) असते. पेशी मेल्या की तो रंग कफात उतरतो. लढाई विषाणूशी असो वा जिवाणूशी, रंग तोच. म्हणजे हिरवा कफ एवढेच सांगतो की शरीर लढते आहे; कोणाशी, ते सांगत नाही. ब्रॉन्कायटिसचा खोकला औषध घेतले काय, न घेतले काय, दोन ते तीन आठवडे रेंगाळतो. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या कपाटातून काढून सुरू करणे हा सर्वांत वाईट उपाय: आजार तसाच राहतो आणि जंतू औषधाला निर्ढावतात.

दीर्घकाळचा दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा जुनाट आजार) असलेल्यांसाठी हिशेब थोडा निराळा. सीओपीडीच्या रुग्णाचा कफ वाढला, घट्ट झाला, रंग पालटला आणि दमही वाढला तर डॉक्टरांना तसे लगेच कळवावे.

कफात रक्त दिसले, मग ते तारेएवढे का असेना, तर रंगाची चर्चा सोडून तपासणी करून घ्यावी.

श्वास मोजायचा कसा?

घड्याळ घ्या आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा मोह होतो. विशेषतः बाळांच्या बाबतीत तो आवरा, कारण त्यांचा श्वास एकसारखा चालत नाही. माणूस शांत बसलेला किंवा झोपलेला असावा. मोठ्यांना ‘तुझे श्वास मोजतोय’ असे सांगू नका. सांगितले की लगेच श्वासाची लय बदलते. नाडी बघतोय असे भासवून मनगट धरावे आणि डोळे छातीवर ठेवावेत. परिचारिका वर्षानुवर्षे हेच करत आल्या आहेत.

मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० असतो. तो सतत २० च्या वर राहू लागला तर लक्ष द्या, २५ च्या आसपास गेला तर त्याच दिवशी दाखवा, ३० किंवा जास्त असेल तर थेट रुग्णालय.

लहान मुलांमध्ये काय बघायचे?

आधी आकडे. बाळाच्या अंगावरचा कपडा वर करा, ते रडत किंवा दूध पीत नाही याची खात्री करा आणि पोटाची वर-खाली हालचाल मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे ‘जलद’. दोन महिन्यांखालील बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजून खात्री करावी.

आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहेत कष्ट. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो, बरगड्यांच्या मध्ये आणि गळ्याखाली खळगे पडतात, नाकपुड्या फुलतात, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. पुष्कळ आया ‘छाती उडतेय’, ‘पोट उडतंय’ म्हणतात, आणि बहुधा त्यांचे बरोबर असते. अंगावर पिणारे बाळ दोन घोट घेऊन तोंड सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते: त्याला एकाच वेळी पिणे आणि श्वास घेणे जमत नसते.

मोठ्या मुलांत एक फसवे लक्षण आहे. फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असेल तर मूल चक्क पोट दुखते म्हणते, आणि सगळे अपेंडिक्सच्या मागे लागतात.

हे सगळे गंभीरपणे का घ्यायचे, याला एक आकडा पुरे: २०१९ मध्ये जगभरात पाच वर्षांखालील ७,४०,१८० मुले न्यूमोनियाने दगावली. त्या वयातल्या एकूण मृत्यूंच्या हे १४ टक्के होते.

ताप नाही, मग संसर्ग नाही असे समजायचे का?

वृद्धांच्या बाबतीत तर मुळीच नाही. ऐंशीच्या घरातल्या माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला तेव्हा ताप नव्हता आणि खोकला म्हणाल तर नेहमीचाच. त्या सकाळी त्यांनी सदऱ्याची बटणे एक घर सोडून लावली होती आणि चहाचा कप समोर निवत होता. आम्ही ‘झोप झाली नसेल’ म्हणालो. दुपारी त्यांनी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. श्वास मोजला तर २८.

म्हातारपणी शरीर ताप चढवायला कमी पडते. अचानक आलेला गोंधळ, असंबद्ध बोलणे, कारण नसताना पडणे, जेवण टाकणे, अंथरूण ओले होणे ही त्या वयात न्यूमोनियाची पहिली आणि कधी कधी एकमेव लक्षणे असतात.

छातीत दुखते म्हणजे फुफ्फुस दुखते का?

फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदनाच कळत नाही. दुखते ते बरगड्यांच्या आतून असलेले आवरण. संसर्ग कडेपर्यंत पोहोचला की सुजलेले पापुद्रे प्रत्येक श्वासाला एकमेकांवर घासतात. म्हणून माणूस अर्धा अर्धा श्वास घेतो, खोकताना त्या बाजूला हात दाबून धरतो. या पापुद्र्यांच्या मधल्या पोकळीत द्रव साचला तर लोक त्याला ‘छातीत पाणी झाले’ म्हणतात. कधी त्याचा पू होतो; अँटिबायोटिक चालू असूनही ताप उतरत नसेल तर डॉक्टर हे शोधतात. अर्थात छातीवर दाब, जबडा किंवा हातात जाणारी कळ, घाम असे काही असेल तर आधी हृदयाचा विचार करून तातडीने धाव घ्यावी.

ऑक्सिमीटरवर ९६ दिसतंय. काळजी मिटली?

बरीचशी, पण पूर्ण नाही. श्वासाचा वेग वाढवून शरीर काही काळ आकडा सावरून धरते. म्हणजे ९६ आहे पण त्यासाठी माणूस मिनिटाला ३० श्वास घेतोय, हे चांगले लक्षण नव्हे. उलटही होते: करोनाच्या साथीत प्राणवायू बराच खाली गेलेले लोक फोनवर निवांत गप्पा मारताना दिसत होते.

हात गार असेल, नखाला रंग असेल, बोट हलत असेल तर आकडा चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते. हात ऊबदार करून, मिनिटभर थांबून मग वाचा. धडधाकट माणसात ९४ किंवा कमी आकडा टिकून राहिला तर डॉक्टरांना कळवा. ९० च्या खाली तर वाट पाहू नका. सीओपीडीच्या रुग्णांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, तो आधीपासून टिपून ठेवलेला बरा.

टीबीची शंका कधी घ्यायची?

न्यूमोनिया दिवसांत वाढतो, टीबी आठवड्या-महिन्यांत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी येणारी कणकण, रात्री उशी भिजवणारा घाम, उतरत जाणारे वजन, कधी थुंकीत रक्त. कपडे ढिले झाल्याचे घरच्यांच्या आधी शिंप्याच्या लक्षात येते. बेडक्याची तपासणी हा पहिला मार्ग. त्यासाठी लाळ चालत नाही, खोल खोकून काढलेला बेडका लागतो. रॉबर्ट कॉख यांनी या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी पूर्ण बरा होतो, पण उपचार महिनोन्‌महिने, नेमाने घ्यावे लागतात.

हे संसर्ग एकाकडून दुसऱ्याला लागतात का?

न्यूमोनिया जसाच्या तसा सहसा लागत नाही. लागतो तो जंतू. तुमच्या न्यूमोनियातला फ्लूचा विषाणू शेजाऱ्याला नुसती सर्दी देऊन थांबेल, त्याच्या आजीला मात्र रुग्णालयात नेईल. टीबी आणि गोवर हवेतून पसरतात, म्हणून तिथे खेळती हवा फार मोलाची. अन्न किंवा उलटी छातीत गेल्याने झालेला न्यूमोनिया कोणालाच लागत नाही.

डॉक्टर नक्की कशावरून ठरवतात?

आधी विचारपूस आणि स्टेथोस्कोप. वायुकोशात द्रव असेल तर कानाजवळ केस चोळल्यासारखा बारीक चुरचुर आवाज येतो. मग गरजेनुसार छातीचा एक्स-रे, रक्त, कफ, कधी सीटी स्कॅन. आजार अगदी नवा असेल तर एक्स-रे कोरा येऊ शकतो. त्यामुळे ‘फोटो चांगला आला’ म्हणून घरी आल्यावरही तब्येत ढासळली तर पुन्हा जाण्यात संकोच नको.

रात्र असो वा पहाट, लगेच रुग्णालयात कधी न्यायचे?

ओठ किंवा जीभ निळसर पडली. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही. माणूस भ्रमात किंवा ग्लानीत आहे. खोकल्यातून रक्त पडते आहे. बाळ पीत नाही, झटके येतात, कण्हते आहे किंवा श्वास मध्येच थांबतो आहे. दोन महिन्यांखालील बाळाला ताप किंवा जलद श्वास, यांपैकी एक असले तरी पुरेसे आहे.

गोळ्या संपल्या, पण खोकला आणि थकवा आहेच. औषध लागू पडले नाही का?

बहुधा पडले आहे. न्यूमोनियात ताप साधारण आठवड्याभरात जातो, कफ आणि छातीतले दुखणे चौथ्या आठवड्यापर्यंत बरेच कमी होते, खोकला आणि धाप सहा आठवड्यांपर्यंत. थकवा तीन महिनेही पाय सोडत नाही. एक्स-रेवरचा डाग तर तब्येतीच्या मागून रखडत येतो, म्हणून दर आठवड्याला फोटो काढण्यात अर्थ नाही. धूम्रपान करणारे आणि पन्नाशी ओलांडलेले यांना मात्र सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात, कारण डागाआड गाठ लपलेली असू शकते.

संसर्ग नसतानाही अशीच लक्षणे दिसू शकतात का?

हो. दमा, हृदय कमकुवत झाल्याने फुफ्फुसात साचणारे पाणी, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, घशाशी येणारे आम्ल, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला. एका पायाला सूज आणि अचानक धाप असेल तर गुठळीची शंका सांगूनच तपासून घ्या.

पुन्हा पुन्हा, आणि त्याच जागी न्यूमोनिया होतो. असे का?

जागा तीच असेल तर तिथली वाट कुठेतरी अडलेली असण्याची शक्यता असते. मोठ्यांत गाठ, जुन्या आजाराने रुंदावलेली श्वासनलिका. लहान मुलांत श्वासनलिकेत अडकलेली वस्तू. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ असते, त्यामुळे चुकून आत गेलेली वस्तू मोठ्या माणसांत बहुधा उजवीकडे जाते. लहान मुलांत ती कोणत्याही बाजूला सापडू शकते. मणी, शेंगदाणा, पेनाचे टोपण. मुलाला खेळता खेळता एकदा जोराचा ठसका लागला होता आणि मग तो थांबला, अशी आठवण महिन्याभरापूर्वीची असली तरी डॉक्टरांना सांगा. एक्स-रेवर शेंगदाणा दिसत नाही.